उजव्या हातावर तीळ

कोंडाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचाच अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते, असं लिहिता आलं असतं तर मलाही जरा बरं वाटलं असतं. पण तसं नव्हतं. धाराशिवच्या माझ्या घरी मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते, आणि तिचा अर्ज कपाटात साड्यांच्या खाली अर्धवट पडला होता. लोहाऱ्यापलीकडच्या ज्या शाळेत मी एकोणीस वर्षं काढली, तिथल्या सरांचा फोन. "बाई, कोंडाबाई गेली. सकाळी तांदूळ निवडायला बसली, छातीत कळ आली म्हणाली... दवाखान्यात नेईपर्यंत संपलं." मी विचारलं, काही म्हणत होती का. सर म्हणाले, "कालच विचारत होती, बाईंचा फोन आला का म्हणून." मी फोन ठेवला आणि शेंगा सोलत राहिले. हाताला दुसरं काय करावं ते कळेना.

कोंडाबाई आमच्या शाळेची खिचडी शिजवायची. नवरा मेंढरांमागं फिरणारा, कर्नाटकाच्या शिवेपर्यंत कळप घेऊन जायचा. एका वर्षी तिकडंच पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. पदरात एकच लेक, रुकमा. तिला घेऊन ही बाई शाळेच्या पत्र्याच्या खोलीत आली आणि तिथली मालकीणच झाली. मिठाला तिला चमचा लागत नसे, नुसती मूठ. एकदा तपासणीला आलेले साहेब खिचडीकडं लांबूनच बघून वहीत काहीतरी लिहायला लागले, तर हिनं ताट वाढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "आदी खावा, मग लिवा." साहेबांनी खाल्लं, वर मागून घेतलं. मला चिडवायची, "बाई, पोरं शिकत्यात तुमच्यामुळं, पण शाळंत येत्यात माझ्यामुळं." ते खरंच होतं. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तरी मी तिला तू म्हणायची आणि ती मला तुमी. एकोणीस वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगतेच. खिचडीच्या मोठ्या पातेल्याचा एक कान ढिला झाला होता. कोंडाबाईनं मला तीनदा सांगितलं, बाई, कान ठोकून आणा, एखाद्या दिवशी घात हुईल. मुख्याध्यापिकेचा कारभार माझ्याकडं होता. मी तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. मग एका दुपारी पोरं भुकेनं कालवा करत होती, कोंडाबाईला एकटीला पातेलं उतरवेना, आणि मीच चौथीतल्या रुकमाला म्हणाले, "बघत काय बसलीस, आईला हात लाव." कान तुटला. पोरीचं डावं मनगट आतून पार भाजलं. मी तिला स्वतः जीपमधून दवाखान्यात नेलं, हे खरं आहे. पण वाटेत कोंडाबाईला सांगितलं, "डॉक्टरनी विचारलं तर घरी भाजलं म्हण. शाळेचं नाव आलं तर चौकशी लागंल, तुझं काम जाईल." तुझं काम, म्हणाले मी. माझं न्हाय म्हणाले. तिनं तसंच सांगितलं.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. त्यात ओळखखुणेचा एक रकाना असायचा. आमच्याकडं त्या रकान्याची एक रीतच पडून गेली होती, आणि माझ्या वयाचे शिक्षक हे वाचून खाली मान घालून हसतील. चाळीस पोरांचे हात कोण बघत बसणार? सगळ्यांना एकच खूण, "उजव्या हातावर तीळ". रुकमा टेबलाशी उभी होती. म्हणाली, "बाई, मला तीळ न्हाय. ह्यो डाग हाय की." आणि तिनं डावं मनगट पुढं केलं. मी म्हणाले, "डाग नको. तीळ नसंल तर पेनानं काढ एक." पोरीनं खरंच काढला. वर्गभर मिरवली त्या दिवशी. मीही हसले. तीच खूण मी शाळेच्या तिच्या कागदांवरही उतरवली.

रुकमा हुशार निघाली. धाराशिवला खोली करून बी.ए. झाली, एका दुकानात हिशेब बघायला लागली. महिन्यातून दोनदा घरी यायची. एका सोमवारी सकाळी आईनं भाकरी बांधून दिली, ती अबोली ड्रेस घालून एस.टी.त बसली आणि धाराशिवला पोचलीच नाही. कोंडाबाई तालुक्याच्या ठाण्यात गेली तर तिथला माणूस म्हणाला, "कितीची हाय? बावीस? मग गेली असंल कुणाबरोबर. चार दिवस थांबा मावशी, अशा पोरी येत्यात परत." चार दिवसांनी गेली तर, ती राहते धाराशिवात, तिकडं तक्रार द्या. धाराशिवात गेली तर, ती निघाली गावातून, हद्द तिकडची. असे नऊ दिवस त्या बाईनं एस.टी.त काढले. ज्या गाडीतून पोरगी गेली त्या गाडीच्या कंडक्टरला, ती कुठं उतरली एवढं तरी विचारा, असं ती प्रत्येक टेबलावर सांगत होती. कुणी विचारलं नाही. दहाव्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. चांगली साडी नेसून, शाळेचा कागद घेऊन गेले, तेव्हा कुठं खुर्ची मिळाली आणि हरवल्याची नोंद घेतली गेली.

अंमलदारानं ओळखीची खूण विचारली. कोंडाबाई लगेच बोलली, "डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग हाय, रुपयाएवढा." तो म्हणाला, "कशानं भाजलं?" ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्या निवृत्तीला तेव्हा सात महिने राहिले होते. पेन्शनचे कागद वर गेले होते. एवढ्या जुन्या डागाची कोण चौकशी करणार होतं? कुणी नाही. पण भित्र्या माणसाला हिशेब कुठं सुचतो. मी शाळेचा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "कागदावर आहे तेच लिहू. कागदाला कागद जुळलेला बरा." त्यानं लिहिलं, उजव्या हातावर तीळ. कोंडाबाईनं मान डोलावली. बाई शिकलेल्या, त्यांना कळतं, असं तिला वाटलं असणार.

पुढं दोन वर्षं ती जात राहिली. दर गुरुवारी, शाळेची भांडी घासून झाली की दुपारच्या गाडीनं. ठाण्यात तिला लोक ओळखायला लागले, "आली खिचडी मावशी" म्हणायचे. मी निवृत्त झाले तेव्हा तिनं अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणून माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "रुकमा आली की तिला घिऊन येते तुमच्याकडं."

मग माझा मोबाईल हरवला. शाळेच्या गावाहून धाराशिवला येताना, वाटेतल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडवर. त्याची तक्रार तिथल्या ठाण्यात अर्ध्या तासात घेतली, चहासुद्धा पाजला. पावतीची वाट बघत मी व्हरांड्यात उभी होते. भिंतीवरच्या फळ्यावर अनोळखी मयतांचे कागद लावलेले, उन्हानं पांढरे पडलेले. वाचायची सवय, म्हणून वाचत होते. स्त्री, वय अंदाजे वीस ते पंचवीस. विहिरीत आढळली. अंगात अबोली रंगाचा ड्रेस. डाव्या मनगटावर जुना भाजल्याचा व्रण... तारीख बघितली. रुकमा गेली त्याच्या चौथ्या दिवसाची. म्हणजे कोंडाबाईला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हाकलत होते तेव्हा ती तिथं होती. फार तर दोन तासांच्या वाटेवर.

कोंडाबाईला सांगायला मला आठ दिवस लागले. आम्ही दोघी त्या ठाण्यात गेलो. फाईलमधला फोटो तिनं हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "हीच." रडली नाही. म्हणाली, "हिला तिच्या बापानं पवायला शिकवलं व्हतं, सायेब. ही हिरीत मरत न्हाय. गाडी धाराशिवची, मग ही मधीच का उतरली? कुणी उतरवली?" तो म्हणाला, पाण्यात पडून मृत्यू, अकस्मात, फाईल बंद झाली. ड्रेस मागितला तर तो नष्ट केलेला. "मग मला तवाच का बोलावलं न्हाय?" तिनं विचारलं. त्यानं दोन कागद शेजारी ठेवले. "तुमच्या नोंदीत तीळ हाय मावशी. मयताला तीळ न्हाय. जुळणार कसं?" वय जुळत होतं, उंची जुळत होती, ड्रेस जुळत होता. एक फोन केला असता तर आईनं येऊन लेक बघितली असती. तो कुणी केला नाही, ते पाप त्यांचं. पण न करायला निमित्त मी दिलं होतं.

पुरलं कुठं विचारलं तर एका माणसानं बाभळीकडं हात केला, "त्याच्या अलीकडं कुठंतरी." कोंडाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि तेवढ्या सगळ्या जमिनीवर भंडारा उधळला. नेमकी जागा ठाऊक नव्हती ना.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी मनात जुळवाजुळव करत होते, कशी सुरुवात करावी. तीच बोलली. "बाई, तीळ व्हता तिला. पेनाचा. म्याच रातच्याला अंघूळ घालताना घासून काढला. ऱ्हाऊ दे म्हनत व्हती..." असं म्हणून तिनं दोष स्वतःकडं घेतला, आणि मी घेऊ दिला. त्या क्षणी मी तिचा हात धरायला हवा होता, सांगायला हवं होतं की कोंडाबाई, तू न्हाय, मी. मी पर्स उघडून रुमाल शोधत राहिले.

तिला एकच गोष्ट हवी होती. फाईल उघडायचा अर्ज. "लिवा बाई, तुमच्यावानी कुनाला लिवता येत न्हाय." मी लिहिला. कंडक्टरचं लिहिलं, पोहता येत होतं ते लिहिलं, नऊ दिवसांचं लिहिलं. पण डाग आधी का नोंदवला नाही, इथं येऊन अडले. चार महिने अडले. तिचा फोन यायचा, "झाला का वं अर्ज?" मी म्हणायची, "झालाच. दोन ओळी राहिल्यात." तिला ते खरं वाटायचं. शेवटपर्यंत वाटलं.

तिच्या तेराव्याला गावी गेले, तिथून शाळेत गेले. सुट्टी होती. पत्र्याच्या खोलीत पातेलं पालथं घातलेलं होतं. कान त्या अपघातानंतर आठ दिवसांत ठोकून आणला होता, मीच. तीनदा सांगून जे झालं नाही ते आठ दिवसांत झालं होतं. मी तिथंच जमिनीवर बसले, तिच्या तांदळाच्या डब्याला टेकून, अर्ज काढला आणि राहिलेलं लिहिलं. दोन ओळींत बसलं नाही, पाऊण पान झालं.

परवा तो ठाण्यात नेऊन दिला. अंमलदार नवा होता, वाचत वाचत खालपर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, नुसता व्रण लिहा की. पातेल्याचा कान, मुख्याध्यापिका, ह्याची गरज न्हाय." मी म्हणाले, "राहू द्या. मागच्या वेळी मीच कमी लिहिलं होतं." अर्जदाराचं मयताशी नातं, असा एक रकाना रिकामा राहिला होता. त्यावर त्यानं बोट ठेवलं. मला आठवलं, शाळेत सगळ्यांना एकच खूण भरायची मी, न बघता. या खेपेला बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, "मी हिची खूण चुकीची लिहिली होती." तो म्हणाला, "हे नातं होत न्हाय." मी म्हणाले, "माझं एवढंच आहे." त्यानं शिक्का मारला.