घटाची माती

"खरं सांग, माती काढलीस तेव्हा तुझी अडचण होती ना?"

मॅडमनी हे हॉलमध्ये विचारलं. बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला आलेल्या. साहेब टीव्हीसमोर. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. पाचवी माळ झाली तरी देवघरातल्या घटाची माती काळीच होती. शेजारणींच्या घटात गहू बोटभर वर आलेला. मॅडमच्या घटात दाणे कुजून पडले होते.

घटाला शेतातली माती लागते. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या बिल्डिंगीत ती कुठून येणार? मी त्यांची कामवाली, म्हणून दरवर्षी मीच आमच्या शेतातून न्यायचे. यंदा घाईत नाल्याकडच्या वाफ्यातली काढली.

माझी अडचण नव्हती. तरी मी "हो" म्हणाले. काम जाईल म्हणून म्हणाले, विषय संपावा म्हणून म्हणाले. मॅडमनी ट्रे काढून घेतला. एक बाई पदर सावरून लांब सरकली.

"देवाधर्माचं तरी बघायचंस गं," मॅडम म्हणाल्या. घट उठेपर्यंत मी फक्त संडास-बाथरूम धुवायचं ठरलं.

साहेब कंपनीत ऑफिसर आहेत. लोखंडावर चकचकीत मुलामा चढवणारी कंपनी. तिचं पाणी ज्या नाल्यात सुटतं, तो आमच्या वाफ्याला लागून वाहतो. कधी हिरवा, कधी पिवळट. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तशीच शेतावर आले. वाफ्यात टाकलेली मेथी निम्मीसुद्धा उगवली नव्हती. माझी नववीतली पोर तिथंच उभी होती. तिचे ते दिवस चालू होते. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"तू पाय ठेवतंस म्हनून जलतंय सगलं. परत शेतान दिसलीस तर बघ."

शेजारच्या शेतातली माणसं बघत होती. वड्याचं तेल वांग्यावर. मला ते तेव्हाच कळत होतं. मॅडमना कदाचित कळत नसेल. मला कळत होतं आणि तरी मी बोलले. त्याची शरम अजून जात नाही.

पोर रडली नाही. पुढच्या पाळीत तिनं दोन डब्यांत मेथी पेरली. एकात आमच्या वाफ्याची माती, दुसऱ्यात मामाच्या माळावरची. पाणी दोन्हीला नळाचंच. काही दिवसांनी तिनं दोन्ही डबे माझ्यापुढे ठेवले. माळाच्या मातीत मेथी दाट उगवली होती. आमच्या मातीत चार-दोन कोंब, तेही पिवळे. तिनं एक उपटून दाखवला. मूळ नखाएवढं, काळं पडलेलं.

"दोन्ही मीच पेरलंय. त्याच दिवसांत," ती म्हणाली. "आमच्या सायन्सच्या बाई सांगतात, कंपनीच्या पाण्यातलं क्रोम, निकेल मातीत साचतं. ते आधी मूळच मारतं. माझा पाय नाय मारत, आई."

मी तिला जवळ घ्यायला गेले. ती मागे सरली.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दारातच बोलले. साहेब खाली बसून बूट घालत होते.

"तेव्हा माझी अडचण नव्हती, मॅडम. मी खोटं बोलले. दाणे कंपनीच्या पाण्यानं मेले. साहेबांना विचारा."

साहेब नाडी बांधत राहिले. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"आजपासूनच नाही येत," मी म्हणाले.

वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. शेजारच्या शहरात, कॅम्प तीनच्या बाजारात मी वर्षानुवर्षं त्याच वाफ्याची भाजी विकली आहे. लोकांनी ती पोरांना खाऊ घातली असेल. आता तिथं खायचं काही पेरत नाही. घरी पोरीची माफी मागितली. तिनं नुसतं "हं" केलं. अजूनही ती बांधावरच थांबते, आत उतरत नाही.

तिला मी चारचौघांत बोलले होते. मग माफीही चारचौघांतच मागायला हवी. येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार. आधी पोरीला काय बोलले ते सांगणार, मग नाल्याचं. मला खाली बसायला सांगतील. मी बसणार नाही.