जित्या माणसासाठी मिळत न्हाय

परवा आईला स्कूटीवर घेऊन सिमेट्रीत गेले होते... आमच्या कोल्हापुरातल्या ख्रिश्चन दफनभूमीत. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला की आमची ही रोजची फेरी ठरलेली.

इथले बहुतेक मित्र हिंदू आहेत, म्हणून जरा सांगते. आमच्या कॅथलिक लोकांत इंडल्जन्स नावाची एक गोष्ट असते. पाप केलं, फादरांकडे कबूल केलं, देवानं माफही केलं... तरी त्याची शिक्षा थोडी उरते, आणि मेल्यावर ती शुद्धिस्थानात भोगावी लागते. ती उरलेली शिक्षा माफ होणं म्हणजे इंडल्जन्स.

या आठवड्यात सिमेट्रीत जाऊन प्रार्थना केली की मेलेल्या माणसाला ती माफी मिळते. दिवसाला एकालाच. अटी आहेत... कन्फेशन म्हणजे ती पापांची कबुली, कम्युनियन म्हणजे चर्चमधला भाकरीचा प्रसाद, पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि मनात कुठल्याच पापाची ओढ नको. या शेवटच्या अटीवर माझं गाडं कायमचं अडलेलं आहे.

"दिवाळी संपली तरी तुमचा सेल चालूच," असं मी आईला दरवर्षी चिडवते. "तोंड सांभाळ की," म्हणत ती चपला घालते.

एक दिवस पप्पांचा, एक आजीचा, एक मावशीचा... दादाचा मात्र कधीच नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, एडविन. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. एका सकाळी कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. भांडण नाही, कर्ज नाही, काही नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, मिरजेपासून बेळगावपर्यंतची स्टँडं पालथी घालून झाली.

त्याच वर्षी आईनं फादरांना विचारलं होतं, पोरासाठी इंडल्जन्स मिळेल का म्हणून. फादर म्हणाले, ते स्वतःसाठी मिळतं किंवा मेलेल्यांसाठी. दुसऱ्या जिवंत माणसासाठी नाही मिळत, त्याच्यासाठी नुसती प्रार्थना करायची.

आई इतकी खूश झाली होती तेव्हा... तो नियमच तिनं घट्ट धरून ठेवला. या आठवड्यात कुणी पाहुण्यानं दादाचं नाव काढलं की ठणकावायची, "जित्या माणसासाठी मिळत न्हाय ते!" मीही त्याच नियमाच्या आधारानं इतकी वर्षं काढली.

तर परवा गाडी स्टँडला लावता लावता नेहमीसारखं विचारलं, आज कुणाचा नंबर?

"एडविनचा."

खरं सांगते, मला रडू नाही आलं... राग आला. हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि भर सिमेट्रीत माझा आवाज चढला. दादा गेला असं कोण म्हणालं तुला? कुणाचा फोन आला का?

"कोण न्हाय म्हणालं." ती पप्पांच्या कबरीवरचं गवत उपटत बसली होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पर तिकडं असंल तर? सगळ्यांची नावं घेतली मी, माझ्या लेकराचं तेवढं न्हाय घेतलं. मला वाट बघायची म्हणून त्यानं तिकडं वाट बघत बसायचं व्हय गं?"

आणि जिवंत असला तर, मी विचारलं.

"फादरांना इचारलंय मी. देव वाया घालवायचा न्हाय... दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला दील."

दादाची कबर नाही. म्हणून मधल्या मोठ्या क्रुसापाशी गेलो. मेणबत्ती लावताना वाऱ्यानं काडी विझत होती, तेव्हा मी हात आडवा धरला. डॉक्टरांनी गुडघे टेकायला बंदी केलीय, तरी आई टेकलीच. पोपसाहेबांसाठी 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून झालं आणि मग तिनं दादाचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घेतलं.

पोलीस चौकीत न रडलेली माझी आई... परवा त्या क्रुसाला डोकं लावून ओक्साबोक्शी रडली. मला तिला उठवता येईना, म्हणून मीच खाली बसले.

मी नाव घेतलं नाही. ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. आईचं चुकलं असं नाही म्हणत मी. तिनं जे केलं त्याला माझ्यापेक्षा मोठं काळीज लागतं, एवढं कळतं मला.

आमच्या घराचं फाटक वाजलं की इतकी वर्षं सगळ्यात आधी आई उठायची. हातातलं काम टाकून. काल संध्याकाळी वाजलं... आई भाकरी थापत राहिली.

मी उठले, दार उघडून बघून आले. शेजारचं कुत्रं होतं.

घरात कुणीतरी वाट बघणारं हवं ना.