आईच्या अंगावरचा शर्ट

सावेडीतल्या एका सभागृहात माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन होतं. दारापाशी माझं निवेदन टांगलेलं: 'मी ऊसतोड करणाऱ्या आईचा मुलगा. माझी चित्रं हीच माझी ओळख.' वाचून लोक मान डोलवायचे आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. ओळख म्हणे! डोंबलाची ओळख.

मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र आईचं. उसाच्या फडात वाकलेली, साडी फाटकी, उघड्या दंडांवर ओरखडे, डोळ्यांत पाणी. ते चित्र खोटं होतं, आणि रंगवतानाच मला ते ठाऊक होतं. आमच्या पाथर्डीकडच्या बाया फडात साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, कारण उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. आईही घालायची, वडिलांचा जुना निळा. आधी मी तो रंगवलाही होता. पण शर्टातली आई भलतीच खमकी दिसायला लागली. बघणाऱ्याला तिची कीव येईना. मग मी शर्टावर रंग फासला, दंड उघडे केले, गालावर एक ओघळ काढला. आता कीव यायला लागली.

आईला मी बोलावलं नव्हतं. तिला कामं असतात, कशाला त्रास, असं स्वतःलाच सांगितलं. खरं तर तिला माझी लबाडी कळेल याची धास्ती होती. पण गावात कुणीतरी तिला मोबाईलवर चित्र दाखवलं, आणि शेवटच्या दिवशी ती एसटीनं येऊन हजर. ठेवणीतली साडी, मान ताठ. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"ही कोन रं?"

"तूच की, आई."

"मी? अन् अंगात शर्ट न्हाई? अशी फडात गेले तर सांजच्याला सालटं निघतील. टोळी हसंल मला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् रडतीय कशापायी? लई कष्ट काढले बाबा, पर रडत न्हाई काढले. आख्ख्या टोळीत माझ्याइतक्या मोळ्या कुनी बांधत नव्हतं. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. मुकादम बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचा, तेही माहीत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आयोजक एका कॅमेरावाल्याला घेऊन आले. "ह्याच का चित्रातल्या माउली?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता ही चारचौघांत माझे वाभाडे काढणार. काढायलाच हवे होते. तिनं माझं उतरलेलं तोंड पाहिलं.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "अशीच हुते मी."

ती चित्राशेजारी जाऊन उभी राहिली. कॅमेरावाला म्हणाला, "आजी, जरा चित्रातल्यासारख्या वाका ना." नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडून निघाला नाही. कुणापुढं कधी न वाकलेली माझी आई माझी अब्रू राखायला वाकली, आणि तशीच वाकून तिनं हळूच मला विचारलं, "एवढं बास, का आनखी वाकू?"