सव्वा एक ते तीन

डेल्बर्ट ऑकरमनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका डोळ्याने घड्याळ, दुसऱ्याने फोन आणि तिसऱ्याने मला पाहत होता. तिसरा डोळा नव्हता असं मी शपथेवर सांगणार नाही. फ्लोरिडातल्या किसिमीच्या या चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत मी सामान उतरवत होतो. माझा सोफा रस्त्याच्या मधोमध होता आणि त्यावर गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवलेला हा साडेसहा फुटी माणूस बसला होता.

"फ्रिज आणि सोफा एकदम दारात नेऊ नकोस," तो म्हणाला. "सतरा मिनिटं अंतर ठेव."

मी ठेवलं नाही. दोन्ही दारात असे अडकले की पुढचे दोन दिवस मी खिडकीतून घरात शिरत होतो आणि लोणी काढायला पुन्हा खिडकीतून बाहेर येत होतो, कारण फ्रिजचं दार रस्त्याकडे उघडत होतं.

डेल्बर्टने इंडियानात एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावली होती. एकशे चाळीस बस आणि फाटक एकच. निवृत्त होऊन तो फ्लोरिडात आला आणि त्याला स्वर्गच सापडला. हाकेच्या अंतरावर थीम पार्क, तिथे प्रत्येक राइडची वेळ आधी फोनवर राखायची, आणि लोक त्या वेळा वेड्यासारख्या एकीला एक चिकटवून राखणारे! वसाहतीत कोणाकडे उत्तरेतून पाहुणे यायचे ठरलं की यजमान आधी डेल्बर्टच्या पडवीत हजर.

"डेल, माझ्या भाचीला गरगर फिरलं की उलटी होते हं," बेटिना क्राउस सांगायची.

"कितव्या मिनिटाला?"

"अरे मेल्या, मी काय घड्याळ लावून बसते?"

"मग बस. वेळा कोणीही राखतो, बेटिना. मधलं अंतर राखायला डोकं लागतं."

पाण्याच्या राइडनंतर कपडे वाळायला चाळीस मिनिटं. जेवणानंतर पाऊण तास फिरतं काही नाही. नवरा-बायको भांडकुदळ असतील तर प्रत्येक राइडनंतर दोघांनी दोन दिशांना जाऊन परत येण्याइतका वेळ. त्याच्या हाताखालून गेलेली कुटुंबं घरी जाताना चक्क एकमेकांशी बोलत असत. मोबदला म्हणून तो फक्त घरी भाजलेला फळांचा गोड 'पाय' घ्यायचा, तोही चेरीचाच.

त्याची स्वतःची मुलगी मात्र त्याच्याशी बोलत नव्हती. सात वर्षं.

हे त्याने मला एकदाच सांगितलं, फोनवरची नजर न काढता. बायको, नोरीन, शेवटच्या दुखण्यात इस्पितळात होती. भेटायला येणाऱ्यांच्या वेळा अर्थातच डेल्बर्टने लावल्या. दोन भेटींमध्ये दोन तास विश्रांती. मुलगी कॉरिन टल्साहून अकरा तास गाडी चालवत आली ती दुपारी एकला. तिची वेळ चारची होती. "आईला झोपू दे जरा," असं म्हणून बापाने तिला खालच्या उपाहारगृहात धाडलं. ती सूप पीत असताना नोरीन गेली. खोलीत कोणी नव्हतं. वेळापत्रकात तिथे कोणी असायचंच नव्हतं.

आणि मग एका फेब्रुवारीत कॉरिनचा नवरा ग्रेडी याचा फोन आला. त्याचं कामानिमित्त इकडे येणं होतं, कॉरिनही सोबत येणार होती आणि त्याला पार्क बघायचं होतं. एक दिवस.

"ती मागून 'ठीक आहे' म्हणाली," डेल्बर्ट मला म्हणाला. "मी स्वतः ऐकलं."

तीन आठवडे तो त्या एका दिवसाची आखणी करत बसला होता. अखेर त्याने मला यादी दाखवली. सात राइड. मध्ये सव्वा एक ते तीन, कोरं.

"इथे काय आहे?"

"बाक. फिरत्या घोड्यांसमोरचा. एकनंतर तिथे सावली येते. तू यायचंस आणि ग्रेडीला टर्कीची तंगडी खायला न्यायचंस. मोठी घे. संपवायला वेळ लागला पाहिजे."

"आणि तू?"

"मला तिला एक वाक्य सांगायचंय."

"एका वाक्याला पावणेदोन तास?"

"सुरू करायलाच तास जाईल रे."

कॉरिन बापासारखीच उंच. बोलली सभ्यपणे, बसचालकाशी बोलावं तशी. ग्रेडी लहान मुलासारखा खूश. चौघांच्या वेळा चौघांच्या फोनवर एकत्र दिसत होत्या आणि कोणालाही त्या हलवता येत होत्या. या गोष्टीचा विचार डेल्बर्टने केला नव्हता. बस कधी स्वतःहून वेळ बदलत नाही.

पावणेएकला आम्ही रांगेत होतो आणि ग्रेडी ओरडला, "अरे वा! डोंगरवाली एक-वीसला मिळाली! आणि बोट दोनला!"

डेल्बर्टने फोन काढला. पुढच्या सगळ्या राइड अलीकडे सरकून मधली कोरी जागा भरून गेली होती.

"हे कुणी हलवलं?"

"मी," कॉरिन म्हणाली. "फार अंतर होतं."

"ते मुद्दाम ठेवलं होतं, कॉरी."

"कळलं मला. तू अंतर ठेवलंस की काय होतं ते माहीत आहे, डॅड."

ग्रेडी टोपी काढून तिच्या आत बघू लागला. मी, ज्याला गप्प बसता येत नाही म्हणून दोन क्लबांनी काढून टाकलंय, त्याने फक्त विचारलं की लिंबू सरबत कोणाला हवंय.

कोणालाच नको होतं.

डोंगराच्या राइडमध्ये डेल्बर्टला तिच्या शेजारची जागा मिळाली. मी मागे होतो. चढावर साखळी खडखडत असताना त्याने तिच्याकडे तोंड वळवलं आणि बोलायला लागला. मग टोक आलं आणि आम्ही सगळे किंचाळत खाली गेलो. ती समोर बघत होती.

"सांगितलंस?" उतरल्यावर मी हळूच विचारलं.

"अर्धं."

"कोणतं अर्धं?"

"'मला वाटलं होतं' इथपर्यंत."

पावणेतीनला सगळ्या राइड संपल्या होत्या. "इतक्या लवकर!" ग्रेडी डेल्बर्टचा हात गदागदा हलवत म्हणाला. "डेल, तू जादूगार आहेस!" कॉरिनने बापाला एका हाताने मिठी मारली, शेजाऱ्याला मारतात तशी, आणि दोघं गाडीतळाकडे गेली. सावली आलेल्या बाकावर एक म्हातारी पाय चोळत बसली होती. डेल्बर्ट तिच्याकडे बघत म्हणाला, "चल, गर्दी व्हायच्या आत निघू."

पुढच्या जानेवारीत त्याने पार्कचा वार्षिक पास रद्द केला. एप्रिलमध्ये तो वारला. कॉरिनने वसाहतीच्या कार्यालयाला फोनवरून घर विकून टाकायला सांगितलं, आणि ते नऊ दिवसांत विकलं गेलं.