घरात इचारून सांगतो

शेवटचं मी अन् शेजारच्या ड्रायव्हर पोरानं मिळून काय केलं, तर टायर ठोकले. ट्रक निघायच्या आधी ड्रायव्हर दांडकं घेऊन गाडीभोवती फिरतो अन् एकेक टायर ठोकून ऐकतो, हे तुम्ही लातूरच्या रिंग रोडला पाहिलं असेल. हवा नीट असली की टायर टणकन बोलतो. कमी असली की धप्प. मागच्या जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरून कळत नाही. बाहेरचा टायर सगळं ओझं घेऊन उभा असतो. म्हणून ठोकायचं.

हा शेजारचा पोरगा ठोकायचा अन् माझ्याकडं बघायचा. "उस्ताद, हा बरा बोलतो का?"

"तुझे कान कुठं गेलेत?"

"कान हायेत. भरवसा न्हाई."

मोठी गाडी हातात येऊन त्याला दीडच वर्ष झालं होतं. त्याआधी रेणापूरकडून पिकअपमध्ये भाजीपाला आणायचा. बायको अन् सहा वर्षांची पोरगी घेऊन माझ्या भिंतीला लागून दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आला. मी पस्तीस वर्षं ट्रक चालवलेला, म्हणून मला उस्ताद म्हणायचा. त्याची बायको मामा म्हणायची.

अन् काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच. "घरात इचारून सांगतो." घरात म्हणजे बायकोला. मालकानं सुरतची फेरी सांगितली, तरी तेच. कुणी जेवायला बोलावलं, तरी तेच. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला एकदा म्हणाला, "काय बे, गिअर पण घरात इचारून टाकतो का?"

"चढ असल तर इचारतो," हा म्हणाला.

सगळे हसले. मला राग आला. तेव्हा का आला ते कळलं नाही. आता कळतं, तर सरळ सांगतो. मी जळत होतो.

माझी बायको दोन वर्षांमागं गेली. हा बारा-बारा दिवसांनी फेरीवरून यायचा अन् कोपऱ्यावर दोनदा बारीक हॉर्न द्यायचा. गाडी थांबायच्या आत तिकडं दार उघडलेलं असायचं. पोरगी केबिनमध्ये चढून बसायची. मग भांडण. डब्यात कारळाची चटणी का दिली न्हाई, फोन का उचलला न्हाई. मला त्यांच्या भांडणाचाही हेवा वाटायचा. मी कान देऊन ऐकत नव्हतो, भिंतच पातळ होती. खरं सांगायचं तर खाट मीच भिंतीकडं सरकवली होती.

मी माझ्या बायकोला कधी काही विचारलं नाही. आम्ही आधी नांदेडात राहत होतो. मुदखेड तिचं माहेर, जवळच, मन झालं की रेल्वेत बसून जायची. लातूरच्या एका मालकानं मला नवी गाडी देऊ केली. मी सकाळी ट्रक दारात लावला अन् म्हणालो, "सामान भर, लातूरला जायचंय."

"कधी?"

"आत्ता."

तिनं मटकी भिजत घातली होती. ते पातेलं तिनं केबिनमध्ये मांडीवर धरलं. नांदेड ते लातूर, तेव्हाचा रस्ता, एक थेंब सांडू दिला नाही. बोललीही नाही. पुढं सगळ्या वर्षांत एकदाच म्हणाली, "इथं रेल्वेची शिट्टी ऐकू येत न्हाई." मी म्हणालो, "मग झोप चांगली लागती."

तर याला नांदेडच्या एका ट्रान्सपोर्टमधून बोलावणं आलं. नांदेड-हैदराबाद अशी बांधलेली लाईन, एका दिवसाआड घरी. पण बिऱ्हाड नांदेडला हलवावं लागणार. आठ दिवस भिंतीपलीकडं तेच चाललं होतं. ती ब्लाऊज शिवायची, तिची गिऱ्हाईकं लातुरात. पोरीची शाळा लातुरात. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक पोरं शिकायला लातूरला पाठवतात, अन् आपण उलटं जायचं का, असं ती म्हणायची. एका दिवसाआड तू दिसशील, हेही तीच म्हणायची. ते पोरीला पण विचारत होते.

मी त्याला म्हणालो, "सहा वर्षांच्या पोरीला काय इचारायचं?"

"ती पण चालली ना उस्ताद संगं."

मग एक दिवस त्याची बायको माझ्याकडं आली. "मामा, तुम्ही नांदेडात राहिलेत. कसं हाय तिथं?"

मी म्हणालो, "पाण्याचे लई हाल. आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई."

ती माझ्या अंगणातल्या निळ्या पिंपाकडं बघून हसायला लागली. "मामा, लातूरचा माणूस हे सांगायलाय का? आपल्याकडं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. तिथं गोदावरी हाय."

हसली म्हणून मला जास्तच राग आला. मग मी दुसरं बोललो, ते हसण्यासारखं नव्हतं. "हैदराबाद लाईन दोन महिने दाखवायला देतेत. नंतर नव्या ड्रायव्हरला टाकतेत आसामकडं. महिना-महिना तोंड दिसायचं न्हाई."

तिचं हसू गेलं. पाण्याचं तिनं खरं मानलं नाही. हे मानलं. पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण मानणार नाही?

तिसऱ्या दिवशी तो आला. "उस्ताद, नांदेडचं नको म्हणती घरात. उद्या फोन करून न्हाई सांगून टाकतो. बरं झालं तुम्ही होते. आम्हाला कोण सांगणार हे?"

मी बरं म्हणालो. मला बरं वाटलंही, ते कशाला लपवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोयाबीनचा माल घेऊन लांबच्या फेरीला निघाला. गाडी चालू होती. पोरगी केबिनच्या पायरीवर उभी राहून विचारत होती, कधी येणार. त्यानं स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मग परत चार. पोरीनं आपल्या हाताकडं बघितलं. तिची बोटं दहाच होती. चार कुठं मोजायची ते तिला कळेना.

मी उठलो अन् त्यांच्या दारात गेलो. तो खाली उतरला.

"फोन केला का?"

"न्हाई अजून."

"करू नको." मग मी तिच्याकडं वळलो. "पोरी, मी खोटं बोललो. त्या ट्रान्सपोर्टचं मला काहीच ठाऊक न्हाई."

"का बोललात मामा?"

"तुमचं बघवत नव्हतं. अन् तुम्ही गेल्यावर भिंतीपलीकडं कोण बोलणार."

ती सरळ माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "मामींना इचारलं होतं का, लातूरला येताना?"

"न्हाई."

"मग आम्हाला तरी नीट इचारू द्या एकमेकाला."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं. पाचव्या दिवशी पोरीच्या हातून वाटीभर वरण आलं.

तो परत आल्यावर दोघं नांदेडला जाऊन आले. त्या लाईनीवरच्या ड्रायव्हरांना भेटले, त्यातल्या एकाच्या बायकोलाही भेटले. शाळा बघितली, खोली बघितली. मग ठरलं, जायचं. जुन्या मालकानं सामान न्यायला तीच गाडी एक दिवस दिली.

जायच्या सकाळी त्यानं दांडकं काढलं. मी मागं मागं फिरलो. मागच्या जोडीत त्यानं दांडकं आत घालून एकदाच ठोकलं अन् माझ्याकडं बघितलंच नाही. "हा बसलाय, उस्ताद," म्हणाला.

मी पण ठोकून बघितला. बसलाच होता. त्याला आता कान आले होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला त्याचाही हेवा वाटला. मला आतला टायर ओळखायला किती वर्षं लागली, अन् गाडीचाच फक्त ओळखता आला.

पंक्चरवाल्यानं हवा भरली. शिलाई मशीन मागं सामानात टाकायला तिचा जीव होईना, म्हणून मशीनचं मुंडकं तिनं केबिनमध्ये मांडीवर धरलं. माझी बायको बसली होती तशीच बसली. फक्त ही बोलत होती. सावकाश घ्या, डावीकडं बघा, पाण्याची बाटली कुठं ठेवली. गाडी वळेपर्यंत तिचा आवाज येत होता.

त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "उस्ताद, घरातून निरोप हाय. मामांना सांगा, नळाला पाणी आलंय."

मागं ती हसत होती. मी पण हसलो.

"रविवारी येता का हिकडं? मी घरीच हाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात इचारून सांगतो."

तो हसला नाही. म्हणाला, "इचारा उस्ताद. सावकाश इचारा."

फोन ठेवला. भिंतीवरचा बायकोचा फोटो खिळ्यावरून काढला, धोतरानं काच पुसली अन् मांडीवर घेऊन बसलो. म्हणालो, "नांदेडला जायचं का रविवारी? तुझं मन असल तर तसंच पुढं मुदखेडलाही जाऊ."