सरमिसळ भात

लहानपणी एक अख्खे वर्ष आमच्या घरचा भात कधी एकसारखा शिजला नाही. काही शिते पार मऊ, काही दाताखाली करकरणारी. त्यावरून मी इतकी कुरकुर केली आहे, की आज माझी मलाच लाज वाटते.

वडील गेले तेव्हा आम्ही कल्याणला होतो. मामाकडे जन्मभर भांडी घासायची, नाहीतर ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात वर्षभर सुईणीचे काम शिकायचे, एवढेच आईच्या हाती होते. पण तोवर खायचे काय? मग आळीतल्या थोरल्या काकूंनी कुंभाराकरवी घरोघर मडके दिले. रोज आधणात तांदूळ वैरण्याआधी बाईने मूठभर त्यात टाकायचे आणि आठवड्याने मडके देवळाच्या ओसरीवर ठेवायचे. ते सगळे तांदूळ आम्हाला मिळत.

कुंभाराने चुकून एक मडके आमच्याही दारात ठेवले. मी ते परत द्यायला निघाले, तर आई म्हणाली, "राहू दे. मी या आळीतली नाही का गं?" तीही रोज मूठ टाकू लागली आणि ठाण्याच्या गाडीला जाताना मडके ओसरीवर ठेवू लागली. मला हा शुद्ध वेडेपणा वाटे.

त्या साली पाऊस रुसला, तांदूळ महागला. आईचे शिक्षण संपायला तीन महिने होते. ओसरीवर बायका जमल्या आणि मडकी बंद करायचे ठरतच आले. मी खांबाला धरून रडकुंडीला आले होते. काकू एकेक मडके सुपात ओतत होत्या. बहुतेकांत तळाशी चार दाणे, एक मात्र काठोकाठ.

"हे कुणाचं गं?" काकूंनी दाणे तळहातावर पसरले. "हा माझा आंबेमोहर. हा हिचा राता. हा तुझा जाडा..." आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. एवढी सरमिसळ आळीत एकाच घरी होती.

मडकी बंद करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. त्या बायकांचे उपकार मी कशाने फेडू?

आई सुईण झाली. घरात वर्षाने पहिल्यांदा एकाच जातीचा तांदूळ आला. मी हौसेने भात केला आणि पान वाढून बसले.

"मूठ टाकलीस?" आईने विचारले.

मडके आता शहाडकडच्या एका विधवेसाठी भरत होते. मी विसरले होते. भरल्या पानावरून उठू नये असे शिकवणाऱ्या आईने त्या दिवशी मला उठवले.