चेंडूपर्यंत पोहोचलेला पंच

फुटबॉल पंच दिलावर बारगीर यांचं गेल्या महिन्यात, एका शुक्रवारी पहाटे मंगळवार पेठेतल्या राहत्या घरी झोपेत निधन झालं. वय एकाहत्तर. त्या दुपारी स्टेडियमवर सामना होता. मध्यंतरात बातमी जाहीर झाली आणि एरवी एकमेकांना शिव्या घालणाऱ्या दोन्ही गॅलऱ्या उभ्या राहिल्या.

व्यवसायानं ते शिंपी. संघांच्या जर्सी शिवायचे आणि हंगामात दुपारी मशीन झाकून शिट्टी घेऊन मैदानात उतरायचे. सिगरेट दोन्हीकडं असे. पंचेचाळिशी ओलांडली तसा चेंडू पुढं आणि पंच मागं राहू लागला. एकदा धापा टाकत ते कमरेवर हात ठेवून थांबले, तेव्हा गॅलरीतून आवाज आला, "ओ रेफरी, रिक्षा आणू काय?" त्याच सामन्यात त्यांनी पेनल्टी दिली ती मैदानाच्या मध्यावरून. निर्णय बरोबर होता की चूक, हे त्यांनाही सांगता येईना. संयोजकांनी बजावलं, पळणं जमत नसेल तर अंतिम सामन्याची शिट्टी दुसऱ्याकडं जाईल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर, दोन्ही संघांच्या समर्थकांसमोर ते म्हणाले, "आजपासनं मी सिगरेट वढताना दिसलो, तर भर मैदानात नाव घेऊन वरडायचं." कोल्हापुरात एवढी परवानगी पुरते. पेठेतल्या पानपट्ट्यांनी त्यांना सिगरेट देणं बंद केलं.

पहिले दिवस वाईट गेले. झोप उडाली, सुईत दोरा जाईना, गिऱ्हाइकांवर आवाज चढू लागला. एका मैत्रीपूर्ण सामन्यात ते क्षुल्लक कारणांवरून पिवळं कार्ड काढत सुटले. शेवटी एक कप्तान हात जोडून म्हणाला, "दिलावरभाई, थ्रोला बी कार्ड? ह्यांला कुणीतरी एक सिगरेट द्या की रं, न्हायतर आख्खी टीम घरला जाईल!" विरुद्ध संघाचा कप्तान धावत आला. "आमच्याकडनं बी एक द्या!"

त्यानंतर ते डॉक्टरांकडं गेले. चिडचिड ही निकोटिन सुटत असल्याची खूण आहे, काही आठवड्यांत ती ओसरते, असं डॉक्टरांनी सांगितलं. तलफ चढते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्यावं, चालावं, तोंडात काहीतरी चघळावं. जेवणानंतरचा गाड्यावरचा चहाही काही दिवस टाळायला सांगितला. दिलावरभाईंनी हे सगळं आपल्या भाषेत आणलं. "म्हंजे इंज्युरी टाइम. तेवढ्यात गोल खायचा न्हाय." खिशात बडीशेप आली, हाताला चाळा म्हणून दोऱ्याचं रीळ.

एकदा ते हेल्मेट घालून दुसऱ्या पेठेत सिगरेट मागायला गेले. पानपट्टीवाला म्हणाला, "रेफरी, आवाज झाकायचं हेल्मेट निघालं न्हाय अजून. लिमलेटची गोळी घ्या." पुढं एका लग्नात मात्र त्यांनी एक ओढलीच... सकाळी गाड्यावर येऊन स्वतःच सांगितलं. वर म्हणाले, "एक गोल बसला. मॅच चालू हाय."

अंतिम सामना त्यांच्याकडंच आला आणि जादा वेळेत गेला. शेवटच्या मिनिटांत गोलपुढं झटापट झाली, बचावपटूच्या हाताला चेंडू लागला, शिट्टी वाजली. कार्डांवरून हात जोडणारा तोच कप्तान मैदानाच्या मध्याकडं तोंड करून ओरडला, "कुठनं बघितलं ओ?"

त्याच्या कानामागून उत्तर आलं, "हितनं."

कप्तान वळला. पेनल्टीवर गोल झाला आणि सामना संपला. हरलेल्या संघानं निकालावर हरकत घेतली नाही.

त्यानंतर दिलावरभाईंनी सिगरेट ओढल्याचं कुणी पाहिलेलं नाही. शिट्टी सोडल्यावरही ते रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारत. मृत्यूच्या आदल्या सकाळी चाळिशीतले जावई सलीम सोबत होते. सलीम अर्ध्यावर थांबले. दिलावरभाई फेरी पूर्ण करून आले.